चिंध्यांचं बोचकं घेऊन ठाण्याला

१३ जानेवारी, रात्र

बेळगावहून ठाण्याला जाणारा माणूस सोबत कुंदा नेतो. फारच प्रेम असलं तर मांडे. मी चिंध्यांचं बोचकं घेऊन निघाले. ट्रॅव्हल्सच्या पोऱ्यानं ते डिकीत टाकायच्या आधी दाबून पाहिलं.

"काय आहे यात?"

"जुनी लुगडी."

"विकायला?"

"शिवायला."

त्याला ते पटलं नाही, पण लगेजचे पन्नास रुपये घेऊन त्यानं विषय संपवला.

मी मूळची खानापूरची. बेळगावात एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात वाकळा शिवते. पुण्याकडं गोधडी म्हणतात ती आमची वाकळ, आणि आमच्या गल्लीतल्या कानडी शेजारणीची कौदी. तीन नावं असली तरी पोटात तेच असतं, जुनं लुगडं, फाटकं धोतर, पोराचा आखूड झालेला सदरा. ठाण्याला वर्तकनगरात माझी धाकटी मावशी राहते. तिच्या ओळखीत निपाणी, खानापूर, बेळगावकडून आलेली बरीच घरं आहेत. त्या बायकांचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. यंदा त्यांच्या मनात आलं, की प्रत्येक घरातला एक टाकाऊ कपडा घेऊन सगळ्यांची मिळून एक वाकळ शिवायची आणि ती भिंतीवर लावायची. मावशीनं फोन केला, "तू ये. आम्हाला सुई धरायची सवय राहिली नाही गं."

माझ्या डोक्यात नकाशा होता. बेळगाव, निपाणी, खानापूर, हल्याळ, कारवार, तिकडं वर बिदर-भालकी, सगळा सीमाभाग ठिगळांनी दाखवायचा आणि मधून लाल धाग्याची रेघ मारायची. कागदावर काढूनही ठेवला होता.

निपाणी गेली, कोगनोळीचा टोलनाका गेला, दूधगंगेचा पूल आला. इथं राज्य बदलतं. बसमध्ये कुणाची कूसही बदलली नाही. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पेटल्यावर हेच अंतर ओलांडायला दोन्हीकडच्या एसट्या काही दिवस तयार नव्हत्या, हे अशा झोपलेल्या बसमध्ये आठवलं की खोटं वाटतं.

१४ जानेवारी

माजिवड्याला उतरले तेव्हा उजाडत होतं. रिक्षावाल्यानं बोचक्याकडं बघून मीटर टाकायच्या आधी 'जादा होतील' म्हणून सांगितलं. मावशीच्या दारात पाऊल टाकलं तर आतून आवाज आला, "आलीस काय गं? किती वाट बघूलालोय!"

मावशीची नात कॉलेजात आहे. तिला आमच्या या 'बघूलालोय'चं फार हसू येतं. त्याहून जास्त हसू येतं ते मी "मी जरा अंघोळ करून येतो" म्हणते त्याचं. आमच्याकडं, कोल्हापुरापासून खाली, बायका स्वतःबद्दल बोलताना येतो-जातोच म्हणतात. लिहिताना मी 'येते' लिहिते, कारण शाळेत तसं शिकवलं. तोंडातून अजून 'येतो'च येतं.

तिळगूळ खाऊन लगेच घरं पालथी घालायला निघालो. अट एकच घातली होती, कपडा टाकून द्यायच्या लायकीचा हवा. ही अट दिसते सोपी, पण पाळायला भयंकर अवघड. पहिल्याच घरी बाईंनी घडी न मोडलेली साडी पुढं केली. मी नको म्हणाले. नव्या कापडात खळ असते, सुई अडते, आणि थरांवर थर घातले की पुठ्ठा होतो. शंभर वेळा धुतलेलं सूत थराला थर धरून बसतं. हे सगळं समजावून सांगितलं तरी बाई रुसल्याच. "जुनेर कसं द्यायचं, आम्ही काय भिकारी आहोत?" शेवटी त्यांच्या सासूबाई आतून आल्या आणि माठाखाली ठेवलेलं फडकं काढून दिलं. मूळचं ते इरकली लुगडं. काठ तेवढा शाबूत होता.

त्या काठावरून आठवलं. दुपारी नौपाड्यात दोरा घ्यायला गेले होते. एका दुकानाच्या काचेत खणाच्या कापडाची साडी नेसवलेली बाहुली होती, तिच्या पायाशी पाटी, 'अस्सल महाराष्ट्राची परंपरा'. खण विणतात गुळेदगुड्डला आणि इरकल येतं इलकलहून. दोन्ही गावं कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. नेसणाऱ्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या आमच्या आज्या-पणज्या. इलकलच्या लुगड्यात अंगाचा ताणा वेगळा लावतात आणि पदराचा वेगळा. मग दोन्ही ताण्यांच्या टोकांचे फासे एकमेकांत अडकवून लुगडं एक करतात, आणि तो जोड उभ्या आयुष्यात उसवत नाही. दुकानदाराला मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. दोऱ्याची रिळं घेतली. पैसे देताना त्यानं विचारलं, "कुठून आलात?" बेळगाव म्हटल्यावर तो कौतुकानं म्हणाला, "अरे वा, मराठी छान बोलता हो तुम्ही!"

हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकते आहे. मुंबईत ऐकलं, पुण्यात ऐकलं, एकदा तर साहित्यावरच्या चर्चेत ऐकलं. बेळगावात सरकारी कागद कानडीत येतो आणि मराठीत मागितला तर कपाळाला आठी पडते. इथं मराठी बोललं की शाबासकी. दोन्हीत कमी त्रासदायक काय, ते अजून ठरलेलं नाही. आणि हो, अशा वेळी कुणीतरी हमखास 'कानडा विठ्ठल' काढतो. विठ्ठलाला यात ओढू नये अशी माझी नम्र विनंती आहे.

संध्याकाळपर्यंत अकरा घरांचे अकरा कपडे जमले. एका पोस्टमनचा खाकी सदरा, कोपरावर विरलेला. खिशावर शाईचा डाग असलेला शाळेचा शर्ट. एक उशीचा अभ्रा, त्यावर कुणीतरी 'शुभ रात्री' भरायला घेऊन 'शुभ रा' वरच सोडलेलं. मावशीनं स्वतःची चंद्रकळा दिली. पहिल्या संक्रांतीची, ठाण्यातली. तिच्यावरचे पांढरे ठिपके विटून राखाडी झालेत.

१५ जानेवारी

ठाणे स्टेशनातून वाशीची लोकल धरली. सोबत मावशीची नात, तिला सुट्टी होती आणि माझ्या भाषेची मौज होती. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. एका बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला इमारती, त्यांच्या मध्येच दाटीनं उभी असलेली आगरी-कोळ्यांची मूळ गावं. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. शहराच्या नावात 'नवी' आहे. स्टेशनांची नावं मात्र जुन्या गावांचीच राहिली.

मला हवं होतं बारदान. वाकळ भिंतीवर लटकवायची तर मागं काहीतरी दणकट लागतं. मावशीच्या नवऱ्याकडून नात्यातले एक मामा, मूळचे चंदगडचे, वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी कामगार होते. निवृत्त झालेत, पण रोज सकाळी जाऊन बसतात. "घरी बसून पाठ दुखते," म्हणाले. आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य!

मसाला मार्केटात शिरलं की आधी नाकाला कळतं. एका गाळ्यात हळद, पुढं धणे, आणि मग मिरची. नात शिंकायला लागली ती थांबेचना. मामांनी एका गाळ्यावरून रिकामं पोतं आणून झटकलं. लाल धुरळा उडाला. पोत्यावर निळ्या शाईत मोठी कानडी अक्षरं होती.

"ब्याडगी," मी वाचलं.

"तुला वाचता येतं?" नातीनं डोळे पुसत विचारलं.

येणारच. शाळेत शिकलोय. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव, आपण जिला बेडगी म्हणतो ती सुरकुतलेली मिरची तिथल्या बाजारातली. तिखट कमी आणि रंग गडद. ठाण्यातल्या घराघरातला मालवणी मसाला, संडे मसाला लाल होतो तो या मिरचीनं. मामांनी चार पोती बांधून दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. फक्त विचारलं, "वाकळेत घालणार काय पोतं? अंगाला टोचंल की."

"अंगावर घ्यायची नाही, मामा. भिंतीला लावायची आहे."

"मग वाकळ कसली ती," म्हणाले. हा प्रश्न मला दोन दिवस छळत राहिला.

नातीला नेरूळला जायचं होतं. नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत चौकांत, बागांत भंगारातून केलेली शिल्पं उभी राहिलीत. सायकलच्या चेनी, गाड्यांचे गिअर, पाने, बेअरिंगं वेल्डिंगनं जोडून केलेले प्राणी. रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो तर हवाच, तो या शहराचा मानबिंदू. नातीनं फोटो काढले. मी चित्रकलेची मास्तरीण, मला मत असतंच. कारागिरी चांगली आहे. चेनच्या कड्यांची मान काय सुंदर वळवली होती! पण वरून गुलाबी रंग फासून टाकल्यावर ती चेन होती हे कशाला कळायला हवं? टाकाऊतून काही करायचं तर ते आधी कशात होतं याची खूण राहायला हवी. नाहीतर नवीन पत्रा कापून केलेला पक्षी काय वाईट? अर्थात लोखंडापुढं माझं कापड लाडावलेलं आहे. सदरा हातात घेतला की घालणाऱ्याचं पोट कुठवर आलं होतं ते कळतं. गिअरनं कुणाची गाडी ओढली ते गिअर सांगत नाही.

खरे रोहितही पाहिले, थोडेसेच, पामबीच रस्त्याच्या पलीकडच्या पाणथळीत, चिखलात माना घालून चरणारे. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. हे पक्षी अंडी घालतात कच्छच्या रणात, अगदी सरहद्दीला लागून, आणि पोट भरायला इथं येतात. नात म्हणाली, "म्हणजे आजीसारखंच."

घरी आल्यावर मी घोडचूक केली. पोती बाथरूममध्ये गरम पाण्यात भिजवली. मिरचीची वाफ डक्टमधून वर चढली आणि दहा मिनिटांत सगळी विंग खोकायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी रुमाल तोंडाला लावून आले. मावशी त्यांना म्हणाली, "आमची भाची आर्टिस्ट आहे."

१६ जानेवारी

उल्हासनगरला गेले, जीन्सच्या कातरणीसाठी. तिथं घरोघरी जीन्स शिवतात आणि उरलेल्या चिंध्या किलोवर मिळतात. निळ्या रंगाची मला गरज होती. नकाशात नद्या दाखवायच्या होत्या, मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलं. त्या छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ रोजी गाव झालं, उल्हासनगर. अजून पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच सांगतात. छावणी उठून पंचाहत्तर वर्षं झाली, शब्द उठला नाही.

चिंधीवाल्याच्या गोदामामागं त्याची आई खाटेवर बसली होती. खाटेवरच्या गोधडीवर माझी नजर खिळली. लाल, काळे, पिवळे चौकोन आणि त्रिकोण, कडेला करवतीसारखी दातेरी पट्टी. म्हातारीनं ओळखलं. "रल्ली," म्हणाली. तिच्या सासूनं शिवलेली, इकडं आल्यावर. तिकडच्या रल्ल्या तिकडंच राहिल्या, म्हणाली, बोटीत चढताना कोण गोधडी घेतं? मग इथं मिळतील त्या चिंध्या जमवून केली. 'रलाना' म्हणजे मिसळणं, हेही तिनंच सांगितलं. तिचं हिंदी सिंधी वळणाचं, माझं बेळगावी. दोघींना सगळं कळत होतं.

मी तिला विचारलं, "सुरुवात कुठून करता?"

तिनं बोटानं गोधडीचा कोपरा दाबला.

हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी बायका कवंदी शिवतात, तेव्हाही असंच. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज. बरेचसे पोर्तुगिजांच्या गोव्यातून सुटून या जंगलात आले. त्यांच्या बोलीत कोकणी आहे, मराठी आहे, कानडी आहे. मी त्यांच्याकडं बसून शिकलेय. कोपऱ्यापासून धावदोरा घालत निघायचं, चारी कडा फिरायच्या, ठिगळं खाली सरकवत, फेऱ्या घेत घेत आत यायचं. मध्याला शेवटी पोचायचं. आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावायची. फूल नसलेल्या कवंदीला त्या नागडी म्हणतात.

लोकलमध्ये परत येताना, कळव्याच्या खाडीवर, मी पिशवीतला नकाशाचा कागद काढला. नकाशा मधून बाहेर काढत नेतात, आधी आकार, मग रेघ. वाकळ अशी होत नाही. आधी रेघ ठरवून आत चिंध्या भरल्या तर पोस्टमनचा सदरा कुठल्या तालुक्यात टाकायचा? माणूस निपाणीचा, नोकरी ठाण्यात, सदरा शिवला दादरला. कागद फाडला नाही, उगाच नाटक कशाला. त्याच्या मागच्या बाजूला जीन्सच्या कातरणीचा हिशेब लिहिला.

१७ जानेवारी

आज हुतात्मा दिन. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार हे कळल्यावर लोक रस्त्यावर उतरले आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला. बेळगावात असते तर सकाळी हुतात्मा चौकात गेले असते. इथं मावशीच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून, जमिनीवर वाकळ अंथरून सहा बायका बसलो. तीन हात लांब, दोन हात रुंद. खाली पोतं, त्यावर दोन लुगड्यांचा थर, आणि वर ठिगळं. पहिला तास सगळ्या सुईत दोरा ओवण्यातच गेला, चष्मे एकमेकींचे घालून. मग हात बसला.

अकरा वाजता काका आले. मावशीच्या शेजारच्या इमारतीत राहतात, बेळगावच्या शहापूरचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात उभी हयात गेली. तरुणपणी सीमासत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेत. महाजन आयोगाचं नाव काढलं की अजून कप खाली ठेवतात. १९६७ च्या अहवालानं बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तारखा त्यांना तोंडपाठ. आमच्या मुलांना तितक्या पाठ नाहीत, याचं त्यांना दुःख आहे.

ते वाकळेभोवती फिरले. खाकी सदरा ओळखला. अभ्र्यावरचं 'शुभ रा' वाचून हसले. आणि मग थांबले.

"हे काय?"

उजव्या कोपऱ्याजवळ मी मिरचीच्या पोत्याचा तुकडा लावायला घेतला होता. निळी अक्षरं सुंदर दिसत होती, वळणदार, सगळ्या चौकोनांत तेवढीच गोल.

"मिरचीचं पोतं आहे, काका."

"पोतं असू दे. अक्षरं कानडी आहेत. आजच्या दिवशी? नको."

बायकांच्या सुया थांबल्या. मला राग आला, खरं सांगते. मनात दहा उत्तरं होती. तुमच्या घरातला मसाला, तुमच्या बायकोचा खण, माझ्या शेजारणीची कौदी. पण ज्या माणसानं या रेघेपायी तुरुंग पाहिला, त्याला मी, शाळेत बसून बिनबोभाट कानडी शिकलेलीनं, आजच्याच दिवशी काय ऐकवायचं? मी तुकडा उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. कानडी त्यांनाही येतं, आम्हा सगळ्यांनाच येतं. तुकडा कापताना शेवटचं अक्षर गेलं होतं. उरलं होतं तेवढं त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"ब्याड."

मावशीनं तोंडाला पदर लावला. आमच्याकडच्या कानडीत ब्याड म्हणजे नको.

काकांनी पुन्हा वाचलं. मिशी हलली. "बरोबर लिहिलंय की," म्हणाले, "सत्तर वर्षं आम्ही दुसरं काय सांगूलालोय?" मग तुकडा परत देताना चेहरा सरळ केला. "लाव. पण उलटं लाव."

उलटं लावलं.

१८ जानेवारी

रात्री आठची बस. सकाळपासून फेऱ्या आत आत येत होत्या. चंद्रकळेचा तुकडा मध्यावर यावा असं कुणीच ठरवलं नव्हतं, पण शेवटी तेवढंच भोक उरलं आणि मावशीचं तेवढंच कापड. जीन्सच्या कातरणीची चार फुलं कोपऱ्यांना केली. नातीनं दोन केली, तिची जरा कुबडी झालीत.

भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा मावशीनं मागच्या पोत्यावरून हात फिरवला. "टोचतंय गं," म्हणाली, "खालचं पोतं काढता येईल काय? रथसप्तमी झाली की पांघरीन म्हणतो." मामांनी हेच सांगितलं होतं. मी दोरे न तोडता पोतं कसं सोडवायचं ते बघायला वाकळ परत जमिनीवर पसरली.

काका पुन्हा आले. हातात छोटी पुडी होती, वर्तमानपत्रात बांधलेली. आत काळी फीत. १ नोव्हेंबरला बेळगावात काळा दिन पाळतात तेव्हा दंडाला बांधायची, त्यांची पहिली. कडा विरून दोरे सुटले होते.

"टाकायच्या लायकीची आहे काय?" त्यांनी विचारलं.

"आहे, काका."

"मग घे."

ती कुठं लावायची ते बघायला ते माझ्यासमोर, पलीकडच्या बाजूला, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. चष्मा पुसला, घातला, आणि समोर बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे सुलट कुणी केलं?"

"कुणी नाही. तुम्ही तिकडं बसलाय."

ते मान वळवून माझ्या बाजूनं कसं दिसत असेल ते बघायचा प्रयत्न करत राहिले. मावशीनं चहा आणला. त्यांनी तो तिथंच, त्याच बाजूला बसून घेतला, आणि मी त्या बाजूनंच फीत शिवायला सुरुवात केली.